संगणकातील क्रियाचिन्हे : नियमाचा शब्द आणि आज्ञावलीची खूण

सात-बाराचा उतारा, मतदारयादी, शाळेचा हजेरीपट, ग्रामपंचायतीचा जमाखर्च अशी अनेक कामे आज संगणकाच्या साहाय्याने पार पाडली जातात. संगणक नियमाचा हेतू जाणत नाही. आज्ञावलीत जे लिहिले असेल तेवढेच तो करतो. या आज्ञावलीत दोन संख्यांवर किंवा दोन विधानांवर कोणती क्रिया करावयाची हे सांगणारी जी खूण असते, तिला क्रियाचिन्ह किंवा ऑपरेटर म्हणतात. आज्ञावली लिहिणे हे तज्ज्ञांचे काम असले, तरी ती नियमाप्रमाणे चालते किंवा नाही हे पाहणे नियम जाणणाऱ्यांचे काम आहे. त्यासाठी या चिन्हांची तोंडओळख पुरेशी आहे.

गणिती चिन्हे

क्रियांची कल्पना आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ या आठ क्रिया ‘परिकर्माष्टक’ म्हणून सांगितल्या आहेत. मात्र तो ग्रंथ पद्यात असल्याने तेथे क्रिया शब्दांनी सांगितली जाते. अधिक व उणे ही चिन्हे छापील पुस्तकात प्रथम १४८९ मध्ये जर्मनीत आली. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये वापरले. १९५७ मध्ये उपलब्ध झालेल्या फोर्ट्रान या संगणक-भाषेत गुणाकारासाठी फुलीऐवजी तारका (*) योजण्यात आली, आणि तीच प्रथा पुढील बहुतेक भाषांनी स्वीकारली.

या गटात भागाकाराकडे विशेष लक्ष द्यावे लागते. केडगावचे उदाहरण घेऊ. पुणे रस्त्यावरील हे गाव आता अहिल्यानगर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. परंतु इतर अनेक ठिकाणांप्रमाणे तेथेही जमिनीचे बोलणे एकर-गुंठ्यांतच चालते. समजा, तेथील एका जमिनीचे क्षेत्र ९५ गुंठे आहे. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. ९५ ला ४० ने भागल्यास संगणक २.३७५ असे उत्तर देईल. हा आकडा कोणी ‘दोन एकर साडेसदतीस गुंठे’ असा वाचला, तर साडेबावीस गुंठ्यांची चूक होईल. खरे क्षेत्र दोन एकर पंधरा गुंठे आहे. ते मिळविण्यासाठी दोन स्वतंत्र चिन्हे लागतात. पायथन या भाषेत // हे चिन्ह पूर्ण भाग देते (२) आणि % हे चिन्ह बाकी देते (१५). येथे % चा शेकडेवारीशी संबंध नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तुलनेची चिन्हे

दुसरा गट तुलनेचा. या चिन्हांचे उत्तर संख्या नसून ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असे असते. > म्हणजे मोठे, < म्हणजे लहान, >= म्हणजे मोठे किंवा समान, <= म्हणजे लहान किंवा समान. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनुसार १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. घटनेचे शब्द ‘अठरा वर्षांपेक्षा कमी नाही’ असे आहेत; म्हणून चिन्ह >= हेच हवे. पूर्ण वर्षांत वय मोजणाऱ्या आज्ञावलीत केवळ > लिहिले गेले, तर अर्हता दिनांकास अठरा वर्षे पूर्ण झालेला तरुण यादीबाहेर राहील. संगणक मात्र कोणतीही चूक दाखविणार नाही.

ग्रामसभेच्या गणपूर्तीतही तुलना आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती आवश्यक असते. ५०० मतदारांच्या गावी १५ टक्के म्हणजे ७५. ही संख्या १०० पेक्षा कमी असल्याने गणपूर्ती ७५ ची. ९०० मतदारांच्या गावी १५ टक्के १३५ होतात. म्हणून तेथे १०० पुरेत. चिन्ह उलटे पडले, तर पहिल्या गावी ७५ ऐवजी १०० लोकांची वाट पाहावी लागेल.

सी, पायथन इत्यादी भाषांत = हे बरोबरीचे विधान नसून ‘ही किंमत येथे ठेवा’ अशी आज्ञा असते. दोन किमती समान आहेत काय हे विचारण्यासाठी == असे दुहेरी चिन्ह लिहावे लागते.

तर्काची चिन्हे

‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांना गणिताचे रूप देण्याचे श्रेय जॉर्ज बूल यांना जाते; त्यांचा या विषयावरील प्रमुख ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आणि’ असल्यास दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. ‘किंवा’ असल्यास एक पुरते. ‘नाही’ हे उत्तर उलट करते.

एखाद्या योजनेत ‘विधवा किंवा परित्यक्ता आणि उत्पन्न मर्यादेच्या आत’ अशी अट आहे असे समजू. वाचणारा अधिकारी उत्पन्नाची अट दोघींनाही लागू करील. संगणक मात्र ‘किंवा’च्या आधी ‘आणि’ सोडवितो. त्यामुळे उत्पन्नाची अट केवळ परित्यक्तेला लागेल. पहिल्या दोन शब्दांभोवती कंस घातला की हा घोटाळा टळतो.

क्रियांचा क्रम

शाळेत शिकविले जाणारे ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र येथे उपयोगी पडते, पण काही फरकांसह. संगणकात ‘चे’साठी वेगळे चिन्ह नाही, तेथे गुणाकारच लिहावा लागतो. तसेच गुणाकार व भागाकार यांचा दर्जा समान, बेरीज व वजाबाकी यांचाही समान. समान दर्जाच्या क्रिया डावीकडून उजवीकडे होतात. आरंभीची शिल्लक १०,००० रुपये, खर्च ४,००० आणि नंतरची जमा ३,००० असेल, तर १०००० - ४००० + ३००० याचे उत्तर ९,००० येते. सूत्रातील ‘बे’ आधी म्हणून बेरीज प्रथम केल्यास ३,००० उरतील, आणि किर्द जुळणार नाही. शंका असेल तेथे कंस घालणे हाच सुरक्षित मार्ग होय.

पडताळणी कशी करावी

नवी आज्ञावली वापरात येताना सीमेवरची उदाहरणे तपासून पाहावीत : नेमके अठरा वर्षांचे वय, नेमकी मर्यादेइतकी रक्कम, नेमके ४० गुंठे. चूक बहुधा अशा ठिकाणीच सापडते. शिक्षकांनी वर्गात नियमाचे एक वाक्य देऊन विद्यार्थ्यांकडून त्याचे चिन्ह लिहून घ्यावे. ‘कमीत कमी’, ‘पेक्षा जास्त’, ‘पर्यंत’ या शब्दांतील भेद त्यातून पक्का होतो. पंचायत सदस्यांना आज्ञावली वाचता आली नाही तरी चालेल. पण एखादा पात्र अर्जदार बाद ठरला, तर ‘संगणकाने नाकारले’ या उत्तरावर त्यांनी थांबू नये. कोणती अट कोणत्या चिन्हाने लिहिली आहे, हे विचारावे. अट माणसाने लिहिलेली असते, आणि ती माणसालाच दुरुस्त करता येते.