रणगाड्यावरची धूळ



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे बोनस नाहीतर महागाईभत्ता यांवाचून दुसरे काही बोलावयाचा नाही, अशी आपली समजूत असल्यास ती वावगी नव्हे. परंतु मी आज बोलणार आहे तो धुळीविषयी, आणि तीही लहानशा रणगाड्यांवर मुद्दाम घालावयाच्या धुळीविषयी. रात्री जेवणे आटोपली की मी लष्करी वाहनांच्या प्रतिकृती जोडीत बसतो. घरची मंडळी याला माझी भातुकली म्हणतात.

या प्रतिकृती बहुधा १:३५ या प्रमाणात असतात. सेंच्युरियन रणगाड्याची लांबी, तोफेची नळी सोडून, साडेसात मीटरांच्या आसपास. तो येथे वीतभर होतो. प्लॅस्टिकचे भाग जोडणे आणि रंगविणे, येथवर सोबतची पुस्तिका हात धरून नेते. पण मग जे तयार होते ते नुकतेच कारखान्यातून निघाल्यासारखे दिसते. लढाईवर गेलेले वाहन असे कधीच दिसत नाही.

मी विसाव्या वर्षी एका फाउंड्रीत लागलो. कारखाना निरीक्षक यावयाचे त्याच्या आदल्या दिवशी फरशी धुतली जाई आणि यंत्रांवर रंगाचा हात फिरे. धूळ ओढून घेणारे पंखे बसवा, ही आमची मागणी. आणि धूळ आहेच कुठे, हे मालकांचे उत्तर. तेव्हा एका जुन्या सोबत्याने मला यंत्राच्या पोटाखाली हात घालावयास शिकविले. साहेब जेथे वाकून पाहत नाही तेथे वर्षाची धूळ थरावर थर तशीच असते. ती नुसती घाण नव्हे, तो कामाचा हिशेब आहे, हे मला तेव्हा कळले. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. ते १९९४ साली सुरू झाले आणि आपण ते अवश्य पाहावे. पण तेथे धूळ शिकता येत नाही. तेथले रणगाडे निरीक्षकाच्या स्वागतासाठी रंगविल्यासारखे आहेत.

धूळ शिकावयाची तर उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याने आलेली एसटी पाहावी. पुढे धूळ कमी आणि पाठीमागे सर्वांत जास्त, कारण धावत्या गाडीच्या मागे हवा भोवरा घेते आणि चाकांनी उडविलेली धूळ तेथेच ओढून आणते. खालच्या अंगाला दाट, वर विरळ. काचेवर वायपरने काढलेले दोन स्वच्छ पंखे. डिझेल भरण्याच्या तोंडाशी सांडलेल्या तेलावर धूळ बसून झालेला काळपट डाग. आणि ताफ्यात मागून येणारी गाडी असेल तर मात्र तिचे तोंडही पांढरे! रणगाड्याचेही हेच नियम. फक्त त्याचे पट्टे जमिनीला घासतात तेथे पोलाद चकचकीत राहते.

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे सगळीकडे सारखीच धूळ. माझा पहिला रणगाडा रव्यात घोळवलेल्या सुरमईसारखा दिसत होता. धूळ कुठे घालावी यापेक्षा ती कुठे असू नये, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. चालक ज्या कडेला धरून आत उतरतो ती कड, ज्या पायरीवर बूट पडतो ती पायरी, दिवसातून वीस वेळा उघडणारे झाकण, ही ठिकाणे पुसलेली हवीत. आत बसलेली माणसे प्रतिकृतीत दिसत नाहीत. ती दिसतात या पुसलेल्या जागांतून.

आता कृती. रस्त्यावरची खरी माती वापरू नये. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण ३५ पट केला तर तो साडेसतरा मिलिमीटरचा, म्हणजे चिंचोक्याहून मोठा खडा होतो. त्यासाठी अतिबारीक रंगभुकटी लागते. ती विकत मिळते. नाहीतर रंगखडू किसून, किंवा गेरू आणि मुलतानी माती तलम फडक्यातून गाळून काम भागते. खालचा रंग निस्तेज असावा, कारण चकाकीवर भुकटी ठरत नाही. कोरड्या ब्रशाने ती कोपऱ्यांत आणि सांध्यांत सोडावी आणि थिनरचा एक थेंब शेजारी टेकवावा. तो आपोआप पसरतो. ओले असताना सारे बिघडले असे वाटेल. वाळल्यावर रंग पुन्हा फिका होतो. त्यानंतर नको तेथून कोरड्या ब्रशाने काढावी. दोनतीन छटांचे थर द्यावेत. वरून व्हार्निश मारण्याचा मोह टाळावा, धूळ नाहीशीच होते.

पण छटा कोणती? येथे इतिहास वाचावा लागतो. १९६५ च्या सप्टेंबरात पूना हॉर्सचे सेंच्युरियन सियालकोट आघाडीवर फिल्लोऱ्याला लढले. याच मोहिमेत लेफ्टनंट कर्नल तारापोर १६ सप्टेंबरला पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ती पंजाबच्या सपाटीची मऊ गाळाची माती. त्याच महिन्यात असल उत्तरला पाणी सोडलेल्या शेतांत पॅटन रुतले. तेथे धूळ नव्हे, चिखल हवा. आणि डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाल्याला टी-५९ रणगाडे थरच्या वाळूत अडकले. तेथे फिकट पिवळी छटा. एकाच डबीतली धूळ तिन्ही ठिकाणी फासणे म्हणजे त्या माणसांचा पत्ता चुकविणे होय.

एक गोष्ट मी उशिरा सुधारली. जादा भुकटी मी तोंडाने फुंकून उडवीत असे. फाउंड्रीत सिलिकोसिसने खंगलेले सोबती पाहिलेला माणूस मी, आणि घरी हा प्रकार! भुकटी जितकी बारीक तितकी ती छातीत खोल जाते. आता मी नाकातोंडावर धूळरोधक मास्क बांधतो, खिडकी उघडी ठेवतो, आणि काम संपल्यावर टेबल झाडीत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. फाउंड्रीतही आम्ही पंख्यांच्या आधी हेच मागितले होते, की निदान झाडण्यापूर्वी पाणी तरी शिंपडा.