गेडिसचं एडिंबरा, बोळाबोळांतून

एडिंबरात नकाशा हातात धरून फिरणाऱ्याची पहिल्याच दिवशी फसगत होते. कागदावर जॉर्ज फोर्थ ब्रिज आणि काऊगेट हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. तिथे पोचल्यावर कळतं, की चौक वगैरे काही नाही. आपण उभे आहोत तो पूल आहे आणि काऊगेट पायाखाली खोलवर चालला आहे. शेजारचा साउथ ब्रिज तर त्याहून लबाड. १७८८ साली खुल्या झालेल्या या पुलाला १९ कमानी आहेत, पण दिसते एकच. बाकीच्या कमानी दोन्ही अंगांना इमारती बांधून झाकून टाकल्या. दुकानांच्या काचा न्याहाळत जाणाऱ्याला आपण पुलावर आहोत याचा पत्ताही लागत नाही. हे शहर आडवं कमी आणि उभं जास्त वाढलं आहे, म्हणून बसच्या खिडकीतून ते हाती लागत नाही. गुडघे झिजवायची तयारी हवी.

याचं मूळ खडकात आहे. किल्ला ज्या कातळावर उभा आहे तो म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फाला हा टणक कातळ फोडता आला नाही, तेव्हा तो दोन्ही बाजूंनी जमीन खरवडत पुढे गेला. कातळाच्या आडोशाला, पूर्वेकडे, मऊ खडकाची एक सोंड मात्र शाबूत राहिली. गड हिंडलेल्या मराठी माणसाला फार सांगायला नको: वर बालेकिल्ला आणि त्याच्या मागे निमुळती होत उतरलेली माची. जुनं एडिंबरा वसलं ते या माचीवर. तिच्या कण्यावरून किल्ल्यापासून होलिरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता म्हणजे रॉयल माइल. लांबी जुन्या स्कॉटिश मैलाएवढी, १.८ किलोमीटरच्या आसपास. नाव एक असलं तरी रस्ते चार आहेत: कॅसलहिल, लॉनमार्केट, हाय स्ट्रीट आणि कॅननगेट. त्यातलं कॅननगेट तर १८५६ पर्यंत वेगळं गाव होतं. दोन्हींच्या सीमेवरची नेदरबो ही वेस १७६४ साली पाडली. तिची रूपरेषा आजही चौकाच्या फरशीत पितळी ठोकळ्यांनी आखलेली दिसते. मोटारी तिच्यावरून बिनदिक्कत जातात. मी ती शोधत वाकून उभा होतो तेव्हा लोक मलाच चुकवून जात होते.

किल्ल्यापुढच्या पटांगणात आपल्याला एक नाव आठवायला हवं, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं. त्याचे वडील या किल्ल्याचे गव्हर्नर होते आणि मुलगा काही काळ इथल्या हायस्कुलात शिकला. पुढे १७९६ साली तो कलकत्त्याला उतरला. पुण्यात रेसिडेंट असताना, खडकीच्या लढाईच्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी त्याची संगमावरची कोठी जळाली आणि दोन वर्षांनी तो मुंबईचा गव्हर्नर झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही एडिंबरा विद्यापीठातलेच. पण आपल्या शहरांशी या गावाचं सर्वांत खोल नातं जोडणारा माणूस तिसराच आहे. तो राहत होता पटांगणापासून चार पावलांवर. त्याच्याकडे वळण्याआधी गावाची अवस्था कशी होती ते पाहिलं पाहिजे.

१५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा दारुण पराभव झाला, राजाही पडला. इंग्रज आता शहरावर येणार या धास्तीने भिंत घातली गेली आणि पुढची जवळजवळ अडीच शतकं शहराने तिच्याबाहेर फारसे पाय पसरले नाहीत. माणसं वाढत गेली, जमीन वाढेना. मग घरं वर चढली. रस्त्यावरून पाच-सहा मजली दिसणारं घर मागच्या उतारावरून पाहिलं की दहा-अकरा मजली निघतं. या उंच घरांच्या मधून, कण्यापासून दोन्ही बाजूंना बरगड्यांसारखे बोळ उतरतात. त्यांना इथे ‘क्लोज’ म्हणतात. अॅडव्होकेट्स क्लोजच्या तोंडाशी उभं राहिलं की अंधाऱ्या फटीच्या दुसऱ्या टोकाला, खाली दूरवर, स्कॉट स्मारकाचा काळवंडलेला मनोरा नेमका चौकटीत बसलेला दिसतो. पायऱ्या पावसात निसरड्या होतात. पाऊस असतोच.

एका जिन्यावर सगळी बिरादरी राहायची. तळघरात हमाल, माळ्यावर मोलकरणी आणि शिंपी, मधल्या हवेशीर मजल्यांवर न्यायाधीश आणि उमराव. न्यायाधीशाला घरी जाताना कोळशाच्या पोत्याला अंग चोरून वाट द्यावी लागायची. रात्री दहाच्या सुमारास खिडक्या उघडत आणि ‘गार्डी लू’ अशी हाळी देऊन दिवसभराची घाण वरून रस्त्यावर भिरकावली जाई. आजचे वाटाडे हा किस्सा रंगवून सांगतात, पर्यटक नाकं मुरडून हसतात. मला त्यापेक्षा जिना महत्त्वाचा वाटतो. डेव्हिड ह्यूम आणि अॅडम स्मिथ यांच्या काळातलं एडिंबरा विचारांच्या बाबतीत युरोपात अग्रेसर ठरलं. न्यायाधीश, छापखानेवाले, वैद्य आणि तत्त्वज्ञ अशा दाटीत एकमेकांना चुकवू शकत नव्हते, याचा त्यात वाटा असणारच. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका १७६८ पासून याच गावात छापला जाऊ लागला.

पण ज्यांना परवडत होतं त्यांना या दाटीचा वीट आला होता. उत्तरेकडच्या नॉर लॉक या गढूळ तळ्याचं पाणी उपसायला १७५९ साली सुरुवात झाली. १७६६ च्या नगररचना स्पर्धेत जेम्स क्रेग या पंचविशीतल्या तरुणाचा आराखडा निवडला गेला. तीन सरळ लांब रस्ते, दोन टोकांना दोन चौक, संपलं. जुन्या गावाला नव्याशी जोडणारा नॉर्थ ब्रिज १७६९ साली बांधता बांधता अंशतः कोसळला आणि पाच माणसं गेली. १७७२ साली तो खुला झाला. नव्या घरांच्या पायांतून निघालेली माती दरीत टाकून टाकून जो बांध तयार झाला त्याला ‘द माउंड’ म्हणतात. आज त्यावर दोन कलादालनं उभी आहेत.

नवं शहर देखणं आहे यात वाद नाही. रुंद, शांत, प्रमाणबद्ध. तासाभरात मात्र मला त्याचा कंटाळा येतो. सेंट अँड्र्यू चौकातल्या उंच स्तंभावर हेन्री डंडास उभा आहे. ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा तो १७९३ ते १८०१ अध्यक्ष होता आणि कंपनीच्या नोकऱ्या स्कॉटिश तरुणांना वाटण्यात त्याचा हात सैल होता. कलकत्ता, मद्रास, मुंबईहून परतलेल्या पैशाचा काही भाग या दगडी दर्शनी भिंतींत गेला आहे. गुलामांचा व्यापार बंद होण्यास त्याने घातलेल्या खोड्यावरून अलीकडे या स्तंभाखालच्या पाटीवर बराच वाद झाला.

श्रीमंत उतरून गेले आणि जुन्या घरांची रया गेली. एकेका दालनात एकेक कुटुंब शिरलं. २४ नोव्हेंबर १८६१ च्या मध्यरात्रीनंतर हाय स्ट्रीटवरची एक जुनी इमारत अख्खी खाली बसली. ३५ माणसं मेली. ढिगारा उपसणाऱ्यांना आतून एका मुलाचा आवाज आला: ओढा रे गड्यांनो, मी अजून मेलेलो नाही. पेझली क्लोजच्या कमानीवर त्याचा चेहरा आणि हे शब्द कोरलेले आहेत. मान वर करून पाहिलं तरच दिसतात. या दुर्घटनेनंतर, १८६२ साली, हेन्री लिटलजॉन हे शहराचे पहिले आरोग्य अधिकारी नेमले गेले. १८६५ च्या अहवालात त्यांनी वस्त्यांची पाहणी करून कुठे किती दाटी आणि किती मृत्यू हे मांडलं. १८६७ च्या सुधारणा कायद्याने जुन्या गावात नवे रुंद रस्ते पाडले गेले. चेंबर्स स्ट्रीट त्यातलाच. हवा आली, उजेड आला. ज्यांची घरं पाडली त्यांनी उरलेल्या घरांत आणखी दाटी केली.

इथे पॅट्रिक गेडिस येतात. जन्म १८५४ चा, शिक्षण जीवशास्त्राचं, तेही टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली. तरुणपणी मेक्सिकोत असताना काही काळ दृष्टी गेल्याने सूक्ष्मदर्शकाचं काम त्यांना सोडावं लागलं. १८८६ साली अॅना मॉर्टनशी लग्न झालं आणि नवं जोडपं चांगल्या वस्तीतलं घर सोडून लॉनमार्केटमधल्या जेम्स कोर्टात राहायला गेलं. शंभर वर्षांपूर्वी याच जेम्स कोर्टात ह्यूम राहत होता. बॉस्वेलने डॉ. जॉन्सनचा पाहुणचार इथेच केला होता. १८८६ मध्ये तिथे उरली होती ओल आणि गर्दी. गेडिस दांपत्याने व्याख्यानं दिली नाहीत. आधी चुना आणला. शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंती पांढऱ्या केल्या, खिडक्यांत फुलांच्या पेट्या लावल्या, जिने धुतले. मग मोडकळीला आलेली तेवढीच घरं उतरवून बाकीची दुरुस्त केली. अंगण मोकळं झालं की ऊन आपोआप खाली येतं, हे त्यांना निसर्गाच्या अभ्यासातून ठाऊक होतं. पुढे या पद्धतीला त्यांनी ‘कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी’ म्हटलं: सडलेलं तेवढं कापायचं, जिवंत अंगाला सुरी लावायची नाही आणि निदानाआधी उपचार करायचा नाही. निदान करायचं ते पायी फिरून.

समोरच्या बाजूचं रिडल्स कोर्ट हे त्याचं चांगलं उदाहरण. सोळाव्या शतकाच्या अखेरीला जॉन मॅकमॉरन या व्यापाऱ्याचं हे घर. १५९५ साली सुट्टी नाकारल्याच्या रागाने हायस्कुलच्या पोरांनी शाळा आतून बंद करून घेतली, तेव्हा नगराधिकारी म्हणून मॅकमॉरन दार उघडवायला गेला आणि एका विद्यार्थ्याच्या गोळीला बळी पडला. अडीचशे-तीनशे वर्षांनी जर्जर झालेला हा वाडा गेडिस यांनी दुरुस्त करून विद्यार्थ्यांच्या निवासासाठी वापरला. आतल्या कमानीवर लॅटिनमध्ये कोरलं आहे, त्याचा अर्थ: जगता जगता आपण शिकतो. २०१७ पासून तो पुन्हा शिक्षणकेंद्र म्हणून उघडा आहे.

त्यांच्या चमूने जुन्या गावातल्या पडीक जागा एक एक करून मोजल्या. अशा ७५ जागा निघाल्या, मिळून सुमारे १० एकर. पहिल्या महायुद्धापूर्वी त्यांतल्या काहींच्या बागा झाल्या. त्या कामात त्यांची मुलगी नोरा पुढे होती. वेस्ट पोर्टची बाग आजही आहे. उतारावर, उंच घरांच्या कुशीत, चटकन नजरेला न पडणारी.

पटांगणाजवळचा आउटलुक टॉवर गेडिस यांनी १८९२ साली हाती घेतला. माथ्यावरच्या खोलीत १८५० च्या दशकातला कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे. दिवे मालवले जातात. मधोमध एक पांढरं, किंचित खोलगट मेज. छपरावरच्या आरशातून भिंगावाटे उतरलेलं शहर त्यावर सरकू लागतं: धुराडी, छत्र्या, चालती माणसं, सगळं रंगीत आणि मुकं. वाटाड्या मेजावर कागदाचा कपटा धरतो आणि रस्त्यावरचा एखादा माणूस नकळत त्या कपट्यावर चढून चालू लागतो. पोरं खिदळतात. गेडिस पाहुण्यांना जिन्यावरून झपाझप वर न्यायचे, हे दाखवायचे आणि मग एकेक मजला खाली उतरवायचे: आधी एडिंबरा, मग स्कॉटलंड, मग युरोप, तळाशी जग. आज मधल्या मजल्यांवर दृष्टिभ्रमांची जत्रा आहे. गेडिस यांच्या पदरी त्यात फार काही पडत नाही, याची खंत वाटते.

१९१४ साली ते हिंदुस्थानात यायला निघाले. त्यांचं नगररचना प्रदर्शन दुसऱ्या बोटीने येत होतं. जर्मन युद्धनौका एमडेनने ती बोट बुडवली. नवा संच जमवून १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलंच. त्यानंतर ते शहराशहरांतून पायी फिरले आणि अहवाल लिहीत गेले. ठाणे आणि नागपूरही त्यांत आहेत. तळी बुजवू नका, वाडे सरसकट पाडू नका, रुंद रस्त्याचा हव्यास धरू नका, हा सूर सगळीकडे. १९१७ हे वर्ष त्यांना फार वाईट गेलं: मुलगा फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला आणि अॅना इथे हिंदुस्थानात वारली. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग त्यांच्यासाठी सुरू झाला. त्यांनी हेरून परदेशी धाडलेला विद्यार्थी म्हणजे मालवणचे गो. स. घुर्ये. १९२४ मध्ये घुर्ये विभागप्रमुख झाले आणि त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे एम. ए. झाल्या. जेम्स कोर्टातल्या चुन्याच्या बादलीपासून इथवरचा धागा सरळ आहे.

दिवाळी अंकात सांगण्याजोगी गोष्ट इंदूरची. होळकरांच्या राजधानीत प्लेगची दहशत होती आणि गोऱ्या नगररचनाकाराला लोक बिचकत होते. गेडिस यांनी एका दिवसापुरती महाराजांची सत्ता मागून घेतली आणि जाहीर केलं, की यंदा दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावर सर्वांत जास्त घरं साफसूफ होतील तिथून जाईल. गाव झाडूनपुसून निघालं, कचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, त्यांच्यामागे नव्या झाडूंसह पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत सफाई कामगार होते, आणि शेवटी घरोघरी वाटायला तुळशीची रोपं. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले. सफाई कामगारांचा तो मान एका दिवसाचा ठरला, हेही नोंदवायला हवं. गेडिस यांचा दोन खंडांचा इंदूर अहवाल १९१८ साली निघाला.

त्यांनी वाचवलेल्या जुन्या गावापुढचं संकट आता वेगळं आहे. १९९५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे आणि घरांत राहणाऱ्यांपेक्षा चाकांच्या बॅगा ओढणारे जास्त भेटतात. अल्पमुदतीच्या भाड्याला आळा घालण्यासाठी २०२२ साली सगळं शहर नियंत्रणाखाली आणलं गेलं. त्याने किती फरक पडेल याबद्दल मी साशंक आहे.

जाणार असाल तर ऑगस्ट टाळा. १९४७ पासून चालत आलेल्या महोत्सवांमुळे तेव्हा रॉयल माइलवर पाऊल ठेवायला जागा नसते. खाचेदार तळाचे बूट घ्या, छत्रीऐवजी टोपी घ्या, कारण वारा छत्री टिकू देत नाही. भुतांच्या सहलींची तिकिटं विकणाऱ्यांना नम्रपणे नकार द्या. आणि किल्ल्याच्या रांगेत उभं राहण्याआधी जेम्स कोर्ट आणि रिडल्स कोर्टाच्या अंगणांत जाऊन या. लॉनमार्केटच्या दोन बाजूंना, समोरासमोर आहेत. तिथे डोकवायला तिकीट लागत नाही.