ब्रूम बंदरातील एक दिवस

समजा, तुम्ही एका प्रवासी जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याची सफर करीत आहात. पौर्णिमेच्या दिवशी पहाटे जहाज ब्रूम बंदराच्या लांबलचक धक्क्याला लागते आणि रात्रीपर्यंत गाव पाहण्याची मोकळीक मिळते. मोत्यांच्या धंद्यावर वाढलेले हे छोटे गाव विषुववृत्ताच्या दक्षिणेस जवळजवळ १८ अंशांवर आहे. आपले हर्णे बंदर उत्तरेस साधारण तितक्याच अंशांवर आहे, हे नकाशात पाहून घ्या. गावात काय पाहावे हे कोणीही सांगेल. परंतु ते केव्हा पाहावे हे तेथे समुद्र ठरवतो!

धक्का जमिनीत पक्का रोवलेला, तर जहाज पाण्यावर तरंगणारे. त्यामुळे उतरण्याच्या शिडीचा कल दिवसभर बदलत राहतो. हा बदल थोडाथोडका नाही. उधाणाच्या दिवसांत ब्रूम येथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत ९ मीटर किंवा त्याहूनही अधिक फरक पडतो. म्हणजे तीन मजली इमारतीएवढे पाणी सुमारे सहा तासांत चढते आणि तेवढ्याच वेळात उतरते. मुंबईला हा फरक उधाणाच्या वेळी पाच मीटरांच्या आसपास असतो. ब्रूममध्ये १९१६ साली सुरू झालेले ‘सन पिक्चर्स’ नावाचे उघड्यावरचे चित्रपटगृह आहे. १९७४ साली बांध घातला जाण्यापूर्वी मोठ्या भरतीचे पाणी थेट तेथे शिरत असे आणि प्रेक्षक पाय वर घेऊन चित्रपट पाहत!

चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे भरती-ओहोटी होते, हे तुम्ही शिकला आहात. मग चंद्र-सूर्य तेच असताना ब्रूमचे पाणी एवढे का चढते? खुल्या महासागरात भरतीचा चढ मीटरभराच्या आसपासच असतो. भरती ही एक अतिशय लांब लाट आहे असे समजा. अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. गुरुत्व-त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की तो मिळतो. ४,००० मीटर खोल समुद्रात हा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर येतो. ब्रूमसमोर मात्र समुद्रबूड जमीन फार दूरवर पसरलेली आहे. तेथे खोली १०० मीटर धरली, तर वेग सेकंदाला सुमारे ३१ मीटर एवढाच उरतो. पुढची बाजू मंदावली, मागून पाणी येतच आहे. मग लाट आखूड होते आणि उंच वाढते. हिशेब केला तर एवढ्याने उंची सुमारे अडीचपट होते.

दुसरे कारण आहे अनुस्पंदनाचे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. समुद्रबूड जमिनीवरील उथळ पाण्यालाही अशी स्वतःची लय असते. त्या पट्ट्याची रुंदी लाटेच्या लांबीच्या एक-चतुर्थांशाजवळ आली, की किनाऱ्याशी पाणी फार चढते. भरतीच्या लाटेचा आवर्तकाल १२ तास २५ मिनिटे. १०० मीटर खोलीवर तिची लांबी सुमारे १,४०० किलोमीटर भरते. त्याचा चौथा हिस्सा ३५० किलोमीटर. ब्रूमसमोरचा उथळ पट्टा याच मापाच्या जवळपास जातो. आपल्याकडे खंभातच्या आखातातही प्रचंड भरती येते. तेथे आखाताचा निमुळता होत जाणारा आकारही पाण्याला वर रेटतो.

आता दिवसाचे वेळापत्रक आखू. आपल्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे १५. तिची पाऊणपट सव्वाअकरा. ब्रूमलाही पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणून हा ठोकताळा तेथेही कामचलाऊ ठरतो. मग ओहोटी पहाटे आणि सायंकाळी. गॅन्थोम पॉइंट येथील खडकात डायनोसॉरांच्या सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणा आहेत. त्या खोल ओहोटीलाच उघड्या पडतात. दुपारी गेलात तर तेथे फक्त लाटा दिसतील.

रोबक उपसागराच्या चिखलात, अगदी खोल ओहोटीला, काही विमानांचे सांगाडेही दिसतात. ३ मार्च १९४२ रोजी सकाळी जपानी लढाऊ विमानांनी ब्रूमवर हल्ला केला. जावा बेटावरून निसटलेले डच निर्वासित घेऊन आलेली विमाने उपसागरात नांगरलेली होती. ती पाण्यावर उतरणारी विमाने होती. गावात जागेची टंचाई आणि ओहोटीच्या वेळी किनारा गाठणे अवघड, त्यामुळे अनेक बायका-मुले विमानांतच होती. निदान ८८ माणसे त्या दिवशी मृत्यू पावली.

हे सांगाडे पाहण्यास चिखलातून दूरवर चालत जावे लागते. तेथे पाण्याचे गणित न जाणणे जिवावर बेतू शकते. खलाशी ते असे करतात: एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १ भाग पाणी चढते. चढ ९ मीटर असेल तर एक भाग ७५ सेंटिमीटरांचा. पहिला तास पाणी संथ वाटते. पण तिसऱ्या तासात ते सव्वादोन मीटर चढते, म्हणजे पुरुषाच्या उंचीहून अधिक! किनाऱ्याचा चढ १०० मीटरला १ मीटर असेल, तर त्या एका तासात पाणी २२५ मीटर आत सरकते. शिवाय चिखलातील खोलगट ओहोळ आधी भरतात आणि परतीची वाट मागच्या मागे तुटते. म्हणून पाणी उतरत असतानाच जायचे आणि ते वळण्यापूर्वी माघारी फिरायचे.

सायंकाळी मात्र किनाऱ्यावर थांबा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि ब्रूमची खोल ओहोटीही त्याच सुमारास असते. उघड्या पडलेल्या चिखलात साचलेल्या पाण्याच्या पट्ट्या चंद्रप्रकाश परावर्तित करतात, मधले उंचवटे काळे राहतात. चकाकत्या आणि काळ्या पट्ट्यांची जणू चंद्रापर्यंत शिडीच लागते. मार्च ते ऑक्टोबर या काळात पौर्णिमेच्या आसपास दोन-तीन रात्री हे दृश्य पाहण्यास लोक जमतात. अमावास्येलाही ओहोटी तितकीच खोल असते. पण तेव्हा शिडीच्या टोकाला चंद्र नसतो.

आता एक काम करा. वर्तमानपत्रातून किंवा भरतीच्या कोष्टकातून मुंबईच्या भरतीच्या वेळा पंधरा दिवस टिपून ठेवा आणि त्यांच्यापुढे तिथी लिहा. पाऊणपटीचा ठोकताळा कोणत्या तिथीला किती मिनिटांनी चुकतो? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, हे ध्यानात ठेवून तो ठोकताळा मुळात का जुळतो याचे उत्तर तुम्हीच शोधून काढा.