घराचा अबोल कारभारी

ज्या घरात दिवे, पंखे आणि कुलपे बिनतारी संदेशांनी चालतात, तेथे ‘हब’ नावाची एक लहानशी पेटी कारभाऱ्याचे काम करते. घरधन्याची आज्ञा ती उपकरणांपर्यंत पोहोचविते. पण एखाद्या रात्री हा कारभारीच अबोल झाला तर?

अशा वेळी दोषाचा शोध क्रमाने घ्यावा. प्रथम पेटीवरील दिवा पाहावा. तो विझलेला असल्यास वीजपुरवठा, तार व अडॅप्टर तपासावेत. दिवा लागलेला असल्यास घरातील राउटर चालू आहे की नाही, हे पाहावे. एकच उपकरण गप्प असेल, तर दोष बहुधा त्याच्या बॅटरीत किंवा अंतरात असतो. पेटी लोखंडी कपाटात ठेवली असता रेडिओलहरी अडतात.

एवढ्यानेही भागले नाही, तर पेटीची वीज अर्धा मिनिट तोडून पुन्हा जोडावी. अडलेले काम नव्याने सुरू होते. ‘रीसेट’चे बटण मात्र घाईने दाबू नये. त्याने उपकरणांची नोंद पुसली जाण्याचा संभव असतो; मग सारी जुळणी पुन्हा करावी लागते.

अंधारात जिना उतरणाऱ्या वृद्धाला उजेड तत्काळ हवा असतो. म्हणून यंत्र कितीही चतुर असले, तरी भिंतीवरचे साधे बटण आणि कुलपाची किल्ली घरात असावीच.