गुऱ्हाळासाठीं उष्णतामापक कोणता घ्यावा ?

काहील केव्हां उतरवावी, हें आजवर गुळव्याच्या अनुभवावर चालत आलें आहे. पाकाचा थेंब थंड पाण्यांत टाकून त्याची गोळी वळते कीं नाहीं, हें तो पाहतो. ही परीक्षा खरी. परंतु कसबी गुळव्या दरवर्षीं मिळेलच असें नाहीं. काहील लवकर उतरल्यास ढेप मऊ राहते; उशीर झाल्यास गूळ काळवंडतो व भाव पडतो. म्हणून यंत्राचें साह्य घेणें इष्ट होय.

काकवी सुमारें १०५ अंश सेल्सिअसवर व ढेपेचा गूळ सुमारें ११८ अंशांवर उतरवितात. अखेरीस दोनतीन अंशांनीं माल बिघडतो, हें ध्यानांत ठेवून निवड करावी.

(१) थर्मोकपल.— दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा तापला म्हणजे सूक्ष्म विद्युद्दाब उत्पन्न होतो. 'के' जातीचें थर्मोकपल हजार अंशांपर्यंत चालतें. परंतु सामान्य प्रतींत अडीच अंशांची चूक संभवते. चुलवाणाच्या आंचेसाठीं तें योग्य, पाकासाठीं नव्हे.

(२) पीटी १००.— यांतील प्लॅटिनमचा विद्युद्रोध शून्य अंशावर १०० ओहम व शंभर अंशांवर १३८.५ ओहम असतो. 'ए' वर्गाच्या मापकाची चूक ११८ अंशांवर अर्ध्या अंशाहून कमी असते. काहिलीसाठीं हाच घ्यावा, व तोही तीन तारांचा. दोन तारांच्या मापकांत जोडतारेचा रोधही मोजला जातो; एक ओहम वाढल्यास अडीच अंश अधिक दिसतात.

(३) दुरून मोजणारें इन्फ्रारेड यंत्र.— हें वरचा फेस मोजतें, आंतील पाक नव्हे. शिवाय वाफ आड येते.

(४) पाऱ्याची कांचनळी.— फुटल्यास विषारी पारा गुळांत जाईल. ती वर्ज्य समजावी.

मापकाची नळी स्टेनलेस पोलादाची असावी. तिचें टोक पाकांत पूर्ण बुडालेलें, परंतु तळास वा कडेस न टेकलेलें असावें; नाहींतर पाकाऐवजीं तापलेला पत्राच मोजला जातो.

हंगामापूर्वीं मापक उकळत्या पाण्यांत तपासावा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरांस उत्कलनबिंदु सुमारें एक अंशानें उतरतो; म्हणून कोल्हापुराकडे ९८ अंश दिसल्यास यंत्र बिघडलें असें मानूं नये. याच कारणानें ११८ हा आंकडाही सर्वत्र जसाच्या तसा लागू पडत नाहीं. यास्तव गुळव्यानें उतरविलेल्या पहिल्या आठदहा काहिलींचे अंश वहींत टिपावे, व ज्या अंशांवर उत्तम गूळ उतरला तोच आंकडा आपल्या गुऱ्हाळाचा धरावा. असें केल्यास गुळव्याचें ज्ञान वहींत राहील व पुढील हंगामास उपयोगी पडेल.