फावल्या वेळचे टपाल

निवृत्त शिक्षकाच्या वेळेवर आपल्या समाजाचा फार जुना हक्क आहे. निरोपाचा नारळ घेऊन मास्तर घरी येतात न येतात तोच देवस्थानचा जमाखर्च, वाचनालयाची चिटणिशी, गणेशोत्सवाच्या वर्गणीचे पुस्तक आणि आळीतल्या चार मुलींच्या पत्रिका आपोआप त्यांच्या पदरात येऊन पडतात. ‘आता काय, तुम्हांला वेळच वेळ!’ असे म्हणणाऱ्याने त्या गृहस्थांचा दिवस कधी मोजलेला नसतो. ह्या कामांची एकच गोष्ट बरी, की ती बिनपगारी असतात. कंटाळा आला तर नाही म्हणता येते. पगार घेतला, मग तो चिमूटभर का असेना, की ती सोय गेली. हिंदुस्थानच्या टपाल खात्याला हे मर्म फार पूर्वीच उमगले होते.

१८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत टपालाचा नवा कायदा झाला आणि अंतर कितीही असो, अर्ध्या तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर सुरू झाला. शहरांचा प्रश्न त्याने सुटला, खेड्यांचा उरलाच. दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावाला दिवसाकाठी पत्रे ती किती येणार? तेवढ्यासाठी पूर्ण पगाराचा पोस्टमास्तर, त्याची कचेरी आणि पुढे त्याचे पेन्शन, हे परवडावे कसे? तेव्हा खात्याने एक युक्ती काढली. गावातलाच लिहिता-वाचता, अब्रूदार, पोटापाण्याची स्वतःची सोय असलेला माणूस गाठावयाचा, म्हणजे शाळामास्तर, दुकानदार, जमीनदार किंवा पेन्शनर, आणि त्याच्या फावल्या वेळात टपालाचे काम त्याच्याकडून करून घ्यावयाचे. कचेरीही त्याच्याच ओसरीवर. अशा माणसाचे सरकारी नाव ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट’. खात्याचे काम करणारा, पण खात्याबाहेरचा. लग्नघरी राबणाऱ्या लांबच्या आत्याबाईंची जी स्थिती तीच ह्याची. पंक्तीत वाढावयास सर्वांच्या पुढे, फोटो काढतेवेळी मात्र कोठे दिसत नाहीत.

ज्या इंदूरकरांच्या आजोबांच्या पेटीत तुकोजीराव होळकरांचे चित्र असलेली १८८६ ची तिकिटे सापडतात, त्यांना टपालाचा इतिहास म्हणजे तिकिटांचा इतिहास असे वाटणे साहजिक आहे. पण तिकीट डकविल्यावर पत्राचे शेवटचे तीन कोस कोण चालतो, हे तिकिटावर छापलेले नसते. ते तीन कोस पाहावयाचे तर सातपुडा ओलांडून पांढुर्णा आणि सौंसर ह्या भागात जावे.

हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. संत्र्याच्या बागा, कापूस, ज्वारी, आणि घरात बोली मराठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णे आणि सावरगाव ह्यांची गोटमार होते, ती वर्तमानपत्रांत दरसाल छापून येते. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ह्या भागाची आठवण कोणी फारशी काढीत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि पांढुर्ण्याच्या माणसाची सोयरीक एका राज्यात व सातबारा दुसऱ्या राज्यात असे झाले. लेकी वरूडला, काटोलला, नरखेडला दिलेल्या. मुलगा नागपुरास गिरणीत. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी सोयरीक जेथल्या तेथेच आहे. गमतीची गोष्ट ही, की टपाल खात्याने ही सीमा फारशी मनावर घेतली नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. तो बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या आखणीत महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गोवे ह्यांचा पहिला आकडा एकच आला, तो चार. पांढुर्ण्याचा ४८०३३४ आणि नागपूरचा ४४०००१ हे निदान पत्त्यापुरते अजून एकाच घरातले आहेत.

लोधीखेडा, मोहगाव, रामाकोना अशा बाजारगावांच्या आसपास जी लहान खेडी आहेत, त्यांतल्या एखाद्या गावचे निवृत्त गुरुजी डोळ्यांपुढे आणावे. जिल्ह्यातल्या शाळांतून तीस-पस्तीस वर्षे नोकरी झालेली, पेन्शन बेताचे, चार एकर शेती, पाय धड आणि अक्षर वळणदार. असा माणूस खात्याला हवाच होता. दिवसाचे तीन तास काम, महिन्याला थोडा भत्ता आणि गावात मान. तीन तास म्हणजे काय, सकाळचे पारायण आटोपले की जेवणापर्यंतचा वेळ. गुरुजी हो म्हणत.

कागदावर ते तीन तास असे होते. थैली आली की सील तपासावयाचे, पत्रांवर शिक्का मारावयाचा, मनिऑर्डरीचे पैसे मोजावयाचे, वाटप करावयाचे, हिशेब लिहून थैली परत रवाना करावयाची. वाटपाला वेगळा माणूस नसला की पोस्टमास्तरच छत्री घेऊन निघे. कागदावर नव्हते ते असे. पत्र हातात ठेवून गुरुजी पाठ फिरवितात न फिरवितात तोच मागून हाक येई, ‘गुरुजी, चष्मा लावा न जी, काय लिवलं पोरीनं ते वाचून तर सांगा!’ पत्र वाचावे लागे. वाचले की उत्तर लिहावे लागे. पोरीला दिवस गेल्याची बातमी असली तर गूळ हातावर घ्यावा लागे, आणि बातमी वाईट असली तर ती सांगण्याआधी घरातल्या कर्त्या माणसाला शेतावरून बोलावून आणण्याचे कामही गुरुजींचेच. मनिऑर्डर घेणाऱ्या म्हातारीला सही येत नसे. तिच्या अंगठ्याला साक्षीदार पाहिजे, आणि भर पेरणीत तो शोधीत फिरावयाचे. ह्यांतले एकही काम तासांच्या हिशेबात धरलेले नव्हते, आणि एकही टाळता येण्यासारखे नव्हते.

घरी परतावे तर ओसरी म्हणजेच पोस्ट. जेवणाच्या पाटावर कोणी पोस्टकार्ड मागावयास येई, रात्री नऊला कोणी बचतखात्याचे पुस्तक दाखवावयास येई. गुरुजी बांधावर गेलेले असले तर कार्डे विकण्याचे काम घरातल्या बाईंकडे. त्यांना त्याबद्दल खात्याने कधी छदामही दिला नाही. रजा पाहिजे तर बदली माणूस स्वतः शोधून द्यावयाचा आणि त्याच्या चुकीचा जबाबही आपणच द्यावयाचा. काशीयात्रेस जाण्याचा बेत अशा किती घरांतून वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेला असेल, त्याची नोंद कोणत्या अहवालात सापडावयाची?

टपालवाल्याच्या दिवसाचे माप काढणे हे कठीण काम आहे खरे. प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलोप पोटासाठी टपाल खात्यात नोकरी करीत असे. १८५१ पासून सुमारे दोन वर्षे त्याने घोड्यावर बसून इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या खेड्यांच्या टपालवाटा आखल्या. तेथला नियम असा, की पायी टपालवाल्याला दिवसाला सोळा मैलांहून अधिक चालावयास लावू नये. आत्मचरित्रात ट्रोलोप मोकळेपणाने सांगतो, की टपालवाले शेतांतून आडवाटेने जात, आणि त्या पायवाटा आपण घोड्यावरून मोजल्याने कधीकधी त्यांच्यावर थोडा अन्यायही झाला असेल. माप काढणारा घोड्यावर आणि चालणारा पायी, हा फरक त्यालाही जाणवला होता. आपल्याकडे मैलांच्या जोडीला पत्रांची संख्या, विक्री, रजिस्टरे ह्यांची गुणांनी मोजदाद होऊन त्यांचे तास ठरू लागले. नियम झाला, की अशा सेवकाकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घ्यावयाचे नाही. नियम चांगला आहे. मात्र पाच तासांत न मावणारे काम सहाव्या तासात जाते; नाहीसे होत नाही.

१९६४ मध्ये ह्या लोकांसाठी स्वतंत्र सेवानियम झाले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हे एजंट वाटेल तेव्हा काढून टाकण्याजोगे मजूर नव्हेत, ते सरकारी पद धारण करतात. त्याने बडतर्फीची टांगती तलवार दूर झाली, पेन्शन मात्र आले नाही. २००१ मध्ये नाव बदलून ‘ग्रामीण डाक सेवक’ असे झाले. नावात सेवा आली, नोकरी आली नाही. पुढे ज्यांना नशिबाने खात्याच्या कायम जागा मिळाल्या, त्यांनी मागच्या वर्षांची गणना पेन्शनीसाठी मागितली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वर्षे धरता येणार नाहीत असे ठरविले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे निकाल बरोबर असेल. ज्याच्या हिशेबातून वीस-वीस वर्षे वजा झाली, त्याला तो समजावून सांगणे अवघड आहे.

पत्रेच कमी झाली, तेव्हा काम हलके झाले असेल, असे आपल्यासारख्या शहरवासीयांस वाटते. पत्रे कमी झाली हे खरेच आहे. तारसेवा तर जुलै २०१३ मध्ये बंदच झाली. पण रिकामी झालेली थैली रिकामी ठेवील तर ते सरकारी खाते कसले! १९९५ पासून ग्रामीण विमा आला. घरोघर जाऊन तो गळ्यात घालावयाचा. रोजगार हमीची मजुरी पोस्टाच्या खात्यांतून वाटली जाऊ लागली आणि मजुरांची रांग ओसरीवर आली. मग हातात धरावयाचे यंत्र आले. १ सप्टेंबर २०१८ रोजी पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि अंगठ्याच्या ठशावर कोणत्याही बँकेतले पैसे गावात देण्याचे काम सेवकाकडे आले. २०२० च्या टाळेबंदीत, बँका दूर आणि मोटारी बंद असताना, रोकड घेऊन दारोदार गेला तो हाच फावल्या वेळचा माणूस. शिवाय आधारचे फोन क्रमांक बदलणे, आणि दूरदेशीच्या दुकानांतून मागविलेली पार्सले. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर पत्रे बसतात. पार्सल बसत नाही, त्यासाठी दुसरी खेप. हा आजार आपलाच आहे असेही नाही. अमेरिकेत ग्रामीण टपालवाल्याच्या सुटीच्या दिवशी वाटप करावयास बदली माणूस ठेवतात. निवृत्तीनंतर असे हलके काम धरावे म्हटले, तर पार्सलांच्या लोंढ्याने त्याचा आठवडा भरून जातो. २०१३ पासून तेथे ॲमेझॉनची पार्सले रविवारीही वाटली जाऊ लागली, तेव्हा रविवारही गेला.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. हे काम शिवले होते पेन्शनराच्या मापाने. त्याचे पोट दुसरीकडे भरत होते, म्हणून भत्ता थोडा असला तरी चालत होते. त्याला घर होते, म्हणून कचेरी त्याच्या ओसरीवर टाकता आली. आता त्या पेन्शनराला ह्या कामात प्रवेशच नाही. भरती अठरा ते चाळीस वयाच्या दहावी झालेल्या तरुणांची होते, आणि ती दहावीच्या गुणांवर. गडी बदलला, अंगरखा तोच राहिला. उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे, ही अट आजही आहे. पंचविशीतल्या मुलाने ते साधन उभे करावयाचे कोणत्या वेळात, हे अटीत लिहिलेले नाही. सकाळी थैली, दुपारी वाटप, संध्याकाळी यंत्रातला हिशेब. संत्र्याच्या बागेला पाणी देण्याची पाळी तेवढी रात्रीची.

कमलेश चंद्र समितीने २०१६ मध्ये ह्या प्रश्नावर अहवाल दिला. समितीचे अध्यक्ष स्वतः खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी होते, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. दीड वर्ष अहवाल पडून राहिला, तेव्हा २२ मे २०१८ पासून देशभरच्या डाक सेवकांनी संप केला, दोन आठवड्यांहून अधिक. त्यानंतर १ जुलै २०१८ पासून नवे भत्ते लागू झाले. शाखा-पोस्टमास्तराला चार तासांचे बारा हजार आणि पाच तासांचे साडेचौदा हजार, वर महागाई. पूर्वीच्या मानाने बरेच झाले, नाही असे नाही. पेन्शनीचे मागणे तेथेच राहिले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला.

दर नोव्हेंबरात सरकारी पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०२० पासून हा दाखला घरी येऊन घेण्याची सोय टपाल खात्याने केली आहे. ज्यांचे गुडघे धरले आहेत अशा वृद्धांना ती मोठीच सोय झाली आहे. दिवाळी आटोपली की पांढुर्णा-सौंसरकडल्या खेड्यांतूनही डाक सेवक यंत्र घेऊन निवृत्त मास्तरांच्या, तलाठ्यांच्या, पोलीसपाटीव सोडलेल्या जमादारांच्या ओसऱ्या चढतो. म्हाताऱ्याचा अंगठा झिजलेला. ठसा पहिल्याने उमटत नाही, दुसऱ्यानेही नाही. सेवक खिशातला रुमाल काढून अंगठा पुसतो, पुन्हा काचेवर ठेवतो. आतून चहा येतो. मास्तर विचारतात, ‘काय रे बाबू, तुझी नोकरी झाली का पक्की?’ तो म्हणतो, ‘नाही जी गुरुजी, आमची पाच तासांचीच हाय.’ इतक्यात ठसा उमटतो. तेव्हा दुपारचे चार वाजून गेलेले असतात, आणि पिशवीत अजून दोन पार्सले नदीपलीकडच्या वस्तीची असतात.