आपल्या भागातला आझाद दस्ता

बालमित्रांनो, १५ ऑगस्टच्या भाषणात 'भूमिगत', 'हुतात्मा' असे शब्द येतात. आपण टाळ्या वाजवतो, पण अर्थ ठाऊक नसतो. म्हणून ते शब्द आपल्याच भागातल्या माणसांवरून सांगते.

चले जाव : ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींनी इंग्रजांना देश सोडून जायला सांगितले. सरकारने मोठ्या पुढाऱ्यांना लगेच पकडले. मग लढा गावोगावच्या लोकांनी चालवला.

भूमिगत : जमिनीखाली गेलेला नव्हे हं! पोलिसांपासून लपून काम करणारा. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल असेच भूमिगत झाले.

आझाद दस्ता : आझाद म्हणजे स्वतंत्र आणि दस्ता म्हणजे तुकडी. ही भाईंची तुकडी. मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे लोखंडी मनोरे तिने पाडले. वीज नाही तर गिरणी बंद, आणि गिरणी बंद तर सरकारची पंचाईत!

हुतात्मा : देशासाठी प्राण देणारा. २ जानेवारी १९४३ ला पहाटे मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला घेरले. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंचे वय तेव्हा फक्त ३० होते.

सिद्धगडला त्यांचे स्मारक आहे. दर वर्षी २ जानेवारीला लोक तिथे जमून त्यांना वंदन करतात. सिद्धगड आपल्या बदलापूरपासून काही फार लांब नाही. पालकांनो, आम्हाला एकदा तिथे न्याल ना?

जय हिंद!